पुडकं आणि हायवा

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात हल्ली वाद घालायला बाहेरून कोणाला यावं लागत नाही. एकाच घरात भाऊ खाणीच्या कंपनीत असतो आणि बहीण ग्रामसभेत. सुरजागडच्या डोंगराचा विषय निघाला की ताटातला भात निवून जातो. अशा अनेक घरांतली बोलणी मी इथे एका भावाच्या आणि एका बहिणीच्या तोंडी दिली आहेत. दोघं माडिया, तेव्हा आपसात बोलतील माडियातच. इथे ते मराठीत आलं आहे. भाऊ पंचविशीतला, बारावी झालेला, खाणीवर डंपर चालवतो. बहीण त्याच्याहून बरीच मोठी. लग्न जवळच्याच गावात झालं आणि दोन वर्षांत नवरा गेल्यावर ती माहेरी परतली. गावाच्या तेंदूपत्त्याचा हिशेब ती ठेवते. ग्रामसभेचं रजिस्टर आणि शिक्का तिच्या पत्र्याच्या पेटीत असतो.

मी कोणाच्या बाजूचा आहे ते वाचताना कळेलच. पण आधी भावाला बोलू दिलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या जंगलप्रेमी बैठकांत त्याला कोणी बोलावत नाही.

भाऊ : खाण यायच्या आधी आपल्याकडे काय होतं, तेवढं सांग ताई. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटायचं. काकीचे दिवस भरले तेव्हा खाटेला दोर बांधून चौघांनी खांद्यावर नेलं. विसरलीस?

बहीण : कशी विसरेन? खाटेच्या मागे मीच चालत होते. कंदील माझ्या हातात होता.

भाऊ : आज हेडरीला दवाखाना आहे. कंपनीचा आहे म्हणून औषध कडू लागत नाही. शाळा आहे. 2025 च्या 1 जानेवारीला गर्देवाड्याला पहिल्यांदा एस.टी. गेली, स्वातंत्र्याला 77 वर्षं झाल्यावर. बसला हार घातले लोकांनी.

बहीण : माणसं 77 वर्षं तिथेच होती ना? तेव्हा रस्ता सुचला नाही. लोखंड काढायचं ठरलं तेव्हा सुचला.

भाऊ : सुचला ना? बास. तापानं फणफणलेलं पोर घेऊन निघालेली बाई रस्त्याला विचारत बसत नाही की बाबा, तू कोणासाठी झालास.

हे वाक्य मला खोडता येत नाही. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार अजून गडचिरोलीच्या डोक्यावर आहे, आणि या भागात मलेरियाने माणूस दगावतो तो बऱ्याचदा तापापेक्षा अंतराने. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, ही बातमी दर पावसाळ्यात छापून येते आणि कोणी दचकत नाही. 1973 पासून हेमलकशाला आमटे कुटुंबाने जे उभं केलं त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण एका दवाखान्याचं पन्नास वर्षं कौतुक करावं लागतं, याचा दुसरा अर्थ भावाला चांगला कळतो.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरजागडच्या डोंगरावर सुमारे 348 हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. माओवाद्यांच्या विरोधामुळे कित्येक वर्षं तिथे फारसं काही हललं नाही. 2016 मध्ये खनिज निघू लागलं आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी गाड्यांची रांगच्या रांग पेटवली. जानेवारी 2019 मध्ये गुरुपल्लीजवळ खनिजाचा ट्रक आणि एस.टी. बस यांची धडक झाली, प्रवासी मेले, चिडलेल्या लोकांनी ट्रक जाळले, काम पुन्हा थांबलं. 2021 मध्ये ते परत सुरू झालं आणि मग वेग आला. वर्षाला 30 लाख टनांची परवानगी 2023 मध्ये 1 कोटी टनांवर गेली, 2025 मध्ये आणखी वाढली. डोंगर तोच, ठाकूरदेवाचा. सुरजागड इलाक्यातली सत्तर गावं दर जानेवारीत तिथे जत्रेला जमतात. 1858 मध्ये चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी फाशी दिलेल्या बाबुराव शेडमाके यांचंही स्मरण तिथे होतं.

बहीण : तुझा पगार चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तो पगार घरात कसा येतो ते बघ. बँकेतून तुझ्या खात्यात. खातं तुझं, मोबाइल तुझा, एटीएमचा नंबर तुझ्या डोक्यात. आईला मीठ-मिरचीला पैसे हवे असले की ती तुझी शिफ्ट संपायची वाट बघते.

भाऊ : मागितले आणि दिले नाहीत असं एकदा तरी झालं?

बहीण : नाही झालं. पण आता मागावे लागतात. मोहफुलाच्या वेळी तिने कोणाकडे मागितले होते? झाडाखालचा पाला झाडून ठेवायचा, पहाटे टोपली घेऊन जायचं, अंगणात वाळवायचं, आठवडी बाजारात विकायचं. पैसे पदराच्या गाठीत. तिने ते कशाला खर्च केले, बाबानेही कधी विचारलं नाही.

भाऊ : आणि किती असायचे ते पैसे?

बहीण : थोडे.

भाऊ : हां. थोडे.

बहीण : थोडे, पण तिचे.

इथे मी बहिणीची बाजू घेतो. खाणीबद्दल आपण बोलतो ते झाडं किती, नोकऱ्या किती, टन किती, असं. तो पैसा घरात कोणाच्या हातात पडतो, हे कोणी मोजत नाही. जंगलाचा पैसा बाई, म्हातारी, शाळेतून आलेली पोरगी अशा सगळ्यांच्या हातांतून येतो. खाणीचा पैसा गेटपास असलेल्या हाताला मिळतो, आणि असा हात घरात बहुधा एकच असतो, तरुण मुलाचा. घराचं उत्पन्न वाढतं यात शंका नाही. त्या घरातल्या बायकांचं वाढतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच आकड्यात बुडवले की अहवाल छान दिसतो.

भाऊ : तू तेंदूचं असं सांगतेस जणू मे महिन्यात जत्राच असते. पहाटे तीनला उठायचं, बॅटरी कपाळाला बांधायची. अस्वल समोर आलं तर आलं. ऊन चढायच्या आत पानं घेऊन घरी, मग बसून पुडकी बांधायची. एका पुडक्यात 70 पानं, एक वर ना एक खाली. सालीची दोरी ओढून ओढून आईच्या बोटांना भेगा पडायच्या. रात्री करंजीचं तेल लावून बसायची. मीच लावून द्यायचो.

बहीण : अशी 1000 पुडकी झाली की एक गोणी. मला शिकवतोस?

भाऊ : आणि एवढं करून एक साल ठेकेदाराने पैसे थकवले. तेव्हा तुझी ग्रामसभा काय करत होती? तहसीलला अर्ज देत होती. माझा पगार एकदाही थकला नाही.

बहीण : थकवले, खरं आहे. पण दुसऱ्या साली आम्ही लिलावाच्या कागदातच लिहून घेतलं : आधी पैसे भरा, मग गाडी हलवा. पानं जमा होतात त्या फळीवर मुंशी पुडकी मोजायचा तेव्हा चुकीचं मोजायचा. आता मोजायला आपल्याच पोरी आहेत. पानं उलटायला, पाणी मारायला, बोद भरायला आपलेच लोक. चुकतो आणि दुरुस्त करतो. तुझ्या खाणीवर काही चुकलं तर दुरुस्त करायला तू कोणाला सांगणार?

भाऊ : सुपरवायझरला.

बहीण : आणि त्याने ऐकलं नाही तर?

भाऊ गप्प बसला असं लिहिणं मला सोयीचं झालं असतं. पण असे भाऊ गप्प बसत नाहीत.

भाऊ : नाही ऐकलं तर नाही ऐकलं. नोकरी अशीच असते सगळीकडे. नागपुरात सिक्युरिटीत होतो तेव्हा कोण ऐकत होतं? दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण. भाषेवरून हसायचे. नक्षल्यांच्या गावचा म्हणायचे. इथे निदान रात्री आपल्या घरात झोपतो, आपल्या बोलीत शिवी देतो. आणि फक्त पोरंच घेतात असंही नाही. मुली डंपर चालवतात आता, हेल्मेट घालून. त्यांना बघायला ये एकदा.

बहीण : बघितलंय. अभिमान वाटला. किती मुली असतील?

भाऊ : असतील काही.

बहीण : आणि आपल्या एका गावात तेंदूला किती बायका जातात?

भाऊ : तुला सगळ्यांची मोजदाद लागते.

बहीण : हिशेब ठेवते मी. तेच माझं काम.

डंपर चालवणाऱ्या मुलींच्या बातम्या मलाही आवडतात. त्या खऱ्या आहेत. फक्त त्यातल्या फोटोत चेहरे जवळून घेतलेले असतात, मागची रांग दिसत नाही.

मग गाडी धुळीवर येते. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झाडांची पानं उन्हाळ्यात धुळीने तांबडी असतात. बहिणीची तक्रार पानांच्या रंगाबद्दल नाही, तेंदूपत्त्याच्या भावाबद्दल आहे : रस्त्याकडेच्या झाडाचं धूळ बसलेलं पान विडीवाला नाकारतो, म्हणून तेवढं आत जावं लागतं, आणि आत जाणं म्हणजे पहाट आणखी लवकर. डोंगराच्या पायथ्याच्या शेतांत पावसाळ्यात लाल गाळ उतरतो. धानाच्या बांधीत तो एकदा बसला की रोवणीच्या वेळी चिखल हाताला वेगळा लागतो, जड आणि चिकट. विहिरीवर घागर भरून ठेवली तर सकाळी तळाशी तांबडं वर्तुळ दिसतं. भाऊ म्हणतो की हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत आता पाइपलाइन झाली, पाण्यात मिसळलेली खनिजाची भुकटी सुमारे 85 किलोमीटर नळातून जाते. खनिज वाहणारे हायवा ट्रक कमी होतील, धूळ कमी होईल. हे बरोबर आहे. बहीण विचारते की नळाला लागणारं पाणी कुठलं. हेही बरोबर आहे.

बहीण : डोंगराचं विचारायला आपल्याकडे कोण आलं होतं?

भाऊ : जनसुनावणी झाली होती.

बहीण : कुठे?

भाऊ : गडचिरोलीला.

बहीण : जिल्हाधिकारी कार्यालयात, शंभर किलोमीटरहून लांब. खाण इथे, धूळ इथे, ठाकूरदेव इथे आणि आमचं मत सांगायला गडचिरोलीला जायचं. 2022 च्या ऑक्टोबरात धान कापणीला आलेलं होतं. कोण जाणार? ज्यांना गाडी मिळाली ते गेले. गाडी कोणी दिली ते तुला माहीत आहे.

भाऊ : गावात घेतली असती तर माओवाद्यांकडून आदेश आला असता की कोणी बोलू नका. मग पोलीस आले असते. तेव्हाचे दिवस आठव. दिवसा हे विचारायचे रात्री कोणाला भाकरी दिली, रात्री ते विचारायचे दिवसा कोणाशी बोललास. मधे आपण. माझ्या वर्गातला पोरगा गेला तो कोणाच्या गोळीने गेला हे आजही कोणी सांगत नाही. 2025 च्या ऑक्टोबरात भूपतीसारख्या मोठ्या माओवादी नेत्याने मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवलं. ज्यांनी डोंगर वाचवतो म्हणून गाड्या जाळल्या, त्यांनीच शेवटी बंदूक टाकली. मग आपण कोणासाठी उपाशी राहायचं?

बहीण : मी बंदुकीच्या बाजूने कधी बोलले? बंदूकवाले आम्हाला विचारत नव्हते, सरकार पण विचारत नाही. तेवढंच माझं म्हणणं. आता बंदूक गेली ना? मग आता तरी गावात येऊन विचारा. आता कोणाची भीती?

माओवाद ओसरला की प्रश्न सुटेल असं सरकारी भाषणांत असतं. माझ्या मते उलटं होईल. इतकी वर्षं ग्रामसभेच्या प्रत्येक नकाराला 'मागे कोण आहे' हे एक उत्तर तयार होतं. ते उत्तर आता हातातून गेलं. ओडिशात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नियमगिरीच्या 12 ग्रामसभांना विचारलं गेलं, बाराही नाही म्हणाल्या आणि ती खाण झाली नाही. गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यात, मेंढा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. म्हणजे गावाला विचारलं तर गाव गोंधळतं, ही समजूत याच जिल्ह्यात मोडीत निघाली आहे. एटापल्लीच्या गावांना मात्र विचारायचं नाही, याचं कारण मला एकच दिसतं : मेंढ्याच्या जमिनीखाली लोखंड सापडलेलं नाही.

भाऊ : पण तुमचे लोक तर रस्त्यालाच विरोध करतात! 2023 मध्ये तोडगट्ट्याला आठ महिने धरणं धरून बसले. रस्ता नको म्हणाले. रस्ता नको म्हणणाऱ्या माणसाची मी काय बाजू घेऊ?

बहीण : मी गेले होते तिथे. भात शिजवला मी तिथे. कोणी म्हणालं नाही की रस्ता नको. म्हणाले की एस.टी. जाईल एवढा द्या, दवाखाना द्या, मास्तर द्या. दोन हायवा शेजारून जातील एवढा रुंद नको. रस्त्याची रुंदी बघितली की कळतं कोण येणार आहे.

भाऊ : मी येणार आहे. हायवात मी बसलेला असतो, ताई.

बहीण : म्हणून तर भीती वाटते. ब्रेक लागला नाही तर खाली आपलंच कोणी असेल. वर तू.

गुरुपल्लीची आठवण दोघांनाही होते, पण नाव कोणी घेत नाही.

या वादात एक गोष्ट दोघांच्याही ऐकण्यात नाही, म्हणून मी घालतो. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाची भरभराट होती तेव्हा घराघरांत कर्ज काढून ट्रक घेतले गेले. शेतात गाळ आला, पण दारात ट्रक होता, त्यामुळे शेताचं फारसं कोणाला वाटलं नाही. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाचं प्रकरण बाहेर आलं, खाणी थांबल्या. मग सुरू झाल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, परत थांबल्या. हप्ते थांबले नाहीत. ट्रक अंगणात गंजत उभे आणि कुळागराचं, म्हणजे बागायतीचं, पाणी आटलेलं, अशी गावं तिथे आहेत. तिथल्या लोकांनी खाण सुरू करा म्हणून मोर्चे काढले, आणि त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही. परतायला मागे शेत उरलेलं नसेल तर माणूस पुढेच बघतो. इकडे शेजारच्या चंद्रपूरचं नाव 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत अगदी वरच्या नंबरांत होतं. चंद्रपुरात कोळसा आहे, वीज आहे, नोकऱ्या आहेत. गोंडपिपरीची, राजुऱ्याची पोरं तरीही पुण्याला जातात.

भावाला हे सांगितलं तर तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. "वीस-तीस वर्षांनी खाण संपेल तेव्हा माझी पोरगी इंजिनिअर झालेली असेल." होईलही. तिच्या फीचा पैसा मोहफुलातून आला नसता, हे तिची आत्याही मान्य करेल.

बहीण : बरं, एक काम करतोस? तुझ्या कंपनीच्या रॉयल्टीतून जिल्ह्याला वेगळा पैसा जातो ना?

भाऊ : जिल्हा खनिज प्रतिष्ठान. 2015 च्या कायद्याने आलं ते. आपला पट्टा जुना आहे, म्हणून रॉयल्टीच्या 30 टक्के एवढी रक्कम वेगळी भरावी लागते. बाधित गावांसाठी. पाणी, दवाखाना, शाळा यांना आधी.

बहीण : तुला हे सगळं पाठ आहे?

भाऊ : ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. फळ्यावर लिहून.

बहीण : मग आपल्या गावाच्या हातपंपाला गेल्या वर्षी लाल पाणी आलं, त्याचं काय? बाधित म्हणजे कोण, यादी कोणी केली? कोणत्या गावाला किती गेले, तो हिशेब जाहीर करावा लागतो की नाही?

भाऊ : लागतो. वेबसाइटवर टाकावा लागतो.

बहीण : तो काढून दे मोबाइलवर. ग्रामसभेत वाचून दाखवू. नंतर ठराव करू : आपल्या गावाचा पैसा कशावर खर्च करायचा ते गाव ठरवेल, आणि आधीचा कुठे गेला तेही सांगा. मराठीत अर्ज तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, कायद्याचं नाव बरोबर येईल.

भाऊ : लिहितो. पण ते अक्षर माझं आहे हे कोणाला सांगू नकोस.

बहीण : का? हक्काचंच मागतोय ना? तूच म्हणालास कंपनी चांगली आहे.

भाऊ : कंपनी चांगली आहे. पण गेटवर माझं नाव रोज लिहितात. दहा पोरं बाहेर उभी आहेत माझ्या जागेसाठी, त्यातली दोन आपल्याच गावची. मी लिहून देतो, आकडे काढून देतो, तहसीलला जायचं तर गाडीवरही सोडतो. सही करणार नाही.

बहीण : तुझी सही मागितलीच नाही मी. घरटी एका बाईची घेणार आहे. आईला उठव, तिला आज अंगठ्याऐवजी नाव लिहून बघायचंय.